विषाची परीक्षा

लेकीचं, स्वप्नालीचं डोहाळजेवण कड्याला, तिच्या सासरीच करायचं ठरलं, तेव्हा मंजुळाबाईच्या मनात आधी तिथंच राहणारी सुनिता आली. कडा केवढं मोठं गाव, कारखाना हाय, बाजार हाय, कोण कुणाला कुठं भेटतंय, असं तिनं स्वतःला समजावलं. हिरवी साडी घेतली, फुलांचे दागिने करायला सांगितले आणि दिंद्रुडहून सकाळच्या गाडीनं निघाली.

मंजुळाबाईला एचआयव्ही होऊन वीस वर्षं उलटून गेली होती. नवरा अजिनाथ ऊसतोडीला जायचा. तो आजार घेऊन आला, तिला दिला आणि वर्षभरात गेला. सासरच्यांनी तिचं ताट गोठ्यात ठेवलं. कडेवर दीड वर्षाची स्वप्नाली होती. तपासणीत पोरगी निरोगी निघाली, त्या जोरावर मंजुळा उठून बसली. बीडला गोळ्या मिळत नव्हत्या तेव्हा पुण्याला जाऊन आणायची. त्या जुन्या गोळ्यांनी तिचे गाल आत गेले ते कायमचेच. आता रोजची एकच गोळी होती, रक्तात विषाणू सापडतही नव्हता, पण गाल काही भरले नाहीत. कुणी विचारलं तर दाढा काढल्या म्हणून सांगायची.

बीडमध्ये एचआयव्ही झालेल्या लोकांनी मिळून चालवलेली एक संस्था होती. मंजुळाबाई तिथं काम करायची. नव्यानं आजार कळलेल्या बायांना धीर द्यायचा, गोळ्या सुटू द्यायच्या नाहीत, घरच्यांना समजावायचं. परळी, केज, माजलगाव, कुठंही कार्यक्रम असला की तिला बोलवायचे. ती माईक घ्यायची आणि म्हणायची, "मी मंजुळा. मला एचआयव्ही हाय. माझ्या हातची भाकर खाल्ली तर तुमाला काही होत न्हाई. कुणाला खायची?" मग डब्यातली भाकर मोडून पुढच्या रांगेत वाटायची. लोक खायचे, टाळ्या वाजवायचे.

आष्टी, कडा या बाजूला मात्र ती कधी कार्यक्रमाला गेली नाही. तिकडं स्वप्नालीचं सासर होतं. जावई हनुमान याला लग्नाआधी मंजुळाबाईनं स्वतः सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "मला काही न्हाई मामी. पण आमच्या आईला सांगू नका. तिला न्हाई झेपायचं." म्हणून त्याच्या आईला, रतनबाईला, एवढंच ठाऊक होतं की विहीणबाई दवाखान्यात कामाला आहेत आणि व्याही काविळीनं गेले.

सुनिता कड्याचीच. नवरा वारल्यावर आई आणि भावाकडं राहायची. गावात कुणी बघू नये म्हणून जवळचा दवाखाना सोडून बीडला यायची. पहिल्यांदा आली तेव्हा पदर तोंडावर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली होती. मंजुळाबाईनं तिच्याशेजारी बसून तिच्याच डब्यातलं पिठलं खाल्लं होतं. "माझ्याकडं बघ," ती म्हणाली होती, "मी मेलेय का? मग तू कावून मरतीस?" पुढं सुनिता सावरली. एका कार्यक्रमात मंजुळाबाईचं भाषण ऐकून तर ती इतकी पेटली की गावात जाऊन आपल्या बचत गटातल्या बायांना तिनं सगळं सांगून टाकलं. लगेच फोन करून म्हणाली, "मावशी, सांगितलं मी. तुमी म्हणता तसं. लपवलं की आजार खातो म्हणून." मंजुळाबाईनं तेव्हा तिला शाबास म्हटलं होतं. गावच्या भेटी तेवढ्या त्रिंबकभाऊंवर सोपवल्या होत्या. त्रिंबकभाऊ संस्थेचे प्रमुख, त्यांनाही एचआयव्ही होता. आपली पोरगी कड्यात दिलीय हे मंजुळाबाईनं सुनिताला कधी कळू दिलं नव्हतं.

रतनबाईच्या अंगणात मांडव घातला होता. स्वप्नाली हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत झोपाळ्यावर बसली होती. मंजुळाबाईनं तिची ओटी भरली, दृष्ट काढली. मग रतनबाई हात धरून म्हणाली, "चला इहीणबाई, स्वैपाकाकडं बघून येऊ, पुऱ्या चालल्यात."

मागच्या पडवीत पाच-सहा बाया पुऱ्या लाटत होत्या. त्यातली टोकाला बसलेली सुनिता होती.

तिनं मान वर केली. मंजुळाबाईला पाहून तिचे डोळे मोठे झाले, तोंडावर हसू फुटायला लागलं. पण तेवढ्यात शेजारची बायनाबाई घाईघाईनं आत आली आणि रतनबाईला बाजूला ओढून काहीतरी सांगू लागली. हळू बोलायचं म्हणून बोलत होती, पण पडवीत सगळ्यांना ऐकू जात होतं.

"रतनबाई, तुमी ह्या सुनिताला कावून बोलवलं? तिला तो आजार हाय. गटात सोताच सांगितलं तिनं. अन् तुमची सून पोटुशी."

लाटणी थांबली. रतनबाई गोंधळली. ती वाईट बाई नव्हती. कामाला बोलवलेल्या पोरीला सगळ्यांदेखत उठवणं तिच्या जिवावर आलं होतं. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि तिला सुटका दिसली.

"इहीणबाई, तुमी तर दवाखान्यातल्या. तुमीच सांगा. हातचं खाल्लं तर होतंय का?"

सुनिताच्या चेहऱ्यावरचं हसू आता पुरतं फुलून आलं. तिनं पिठाचे हात मांडीवर ठेवले आणि ती वाट बघू लागली. आता मावशी बोलणार, हे तिला माहीतच होतं.

मंजुळाबाईला बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतसुद्धा आलं असतं. पण 'तुमाला कसं माहीत' असं कुणी विचारलं तर? आणि सुनिताच बोलून गेली, मावशी तुमालापण तर हाय, तर? दारातून तिला मांडवात बसलेली स्वप्नाली दिसत होती. स्वप्नाली इकडंच बघत होती. तिला काय चाललंय ते ऐकू गेलं असावं, कारण तिची मान बारीकशी हलली. नको, आई.

"पोटुशी बाई हाय घरात," मंजुळाबाई म्हणाली. "कशाला इखाची परीक्षा घ्यावी?"

सुनिता मंजुळाबाईकडं बघत राहिली, जणू पुढचं काहीतरी बोलणं अजून यायचंय. मग उठली. हौदावर जाऊन हात धुतले, पदराला पुसले.

"बरं मावशी," एवढंच म्हणून ती मागच्या दारानं गेली.

"तुमाला वळखते का ही?" बायनाबाईनं विचारलं.

"न्हाई. सगळ्यास्नीच मावशी म्हणत असंल."

रतनबाईनं सुनितानं लाटलेल्या पुऱ्या गोळा केल्या आणि म्हशीपुढं टाकल्या. मंजुळाबाई तिथंच उभी होती. नंतर पंगतीला बसली. रतनबाईनं आग्रह करून वाढलं, तिनं खाल्लं. बासुंदी गोड लागली. तेच तिला पुढं कित्येक दिवस सोसवेना, की आपल्याला ती गोड लागली होती.

परतीच्या गाडीत स्वप्नालीचा फोन आला. "आई, बरं केलंस. मला वाटलं, तू सांगून टाकतीस का काय."

मंजुळाबाईनं गाडीचा आवाज येतोय म्हणून फोन ठेवला.

महिन्याच्या गोळ्या न्यायला सुनिता आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्या आठवड्यातही नाही. तिचा फोन लागत नव्हता. त्रिंबकभाऊ म्हणाले, "मंजुळाताई, कड्याला ह्या वेळी तुमीच जा. तुमचं ऐकती ती."

"मला बरं न्हाई भाऊ."

"मग जरा बरं वाटलं की जा. पण जा. पोरीच्या गोळ्या संपल्या असतील."

चार दिवस तिनं काढले. घरात भांडी घासताना मधेच थांबायची. टीव्हीवर कुणी हसलं की उठून बंद करायची. संस्थेत एक नवी बाई आली, तिला समजावताना 'हातचं खाल्लं तर' इथं येऊन तिची जीभ अडखळली आणि तिनं विषय बदलला. पाचव्या दिवशी ती कड्याला गेली. पदर डोक्यावरून पुढं ओढून, रतनबाईची गल्ली टाळून, मागच्या वाटेनं.

सुनिताची आई कडूबाई दारात शेंगा निवडत होती. "दवाखान्यातून आलात का? बघा बाई तुमीच. गोळी घेत न्हाई, जेवत न्हाई."

सुनिता आत चटईवर बसली होती. उठली नाही.

"गोळ्या आणल्यात तुझ्या," मंजुळाबाई म्हणाली.

"ठेवा तिथं."

"सुनिता, माझं चुकलं. ती माझी लेक होती. तिच्या घरात..."

"कळलं मला ते. गावात कळतं सगळं." सुनिताचा आवाज अगदी साधा होता. "मला एक सांगा मावशी. कार्यक्रमात बोलता ते खरं, का तिथं बोललात ते?"

"कार्यक्रमातलं. तुला माहीत हाय."

"मला माहीत असून काय करू? माझ्या भावाचं पोरगं माझ्याच हातनं जेवायचं. भावजय आधी भ्यायची. मी तिला तुमची गोष्ट सांगून सांगून तयार केलं होतं. त्या दिवशी बायनाबाई घरी येऊन सांगून गेली, दवाखान्यातल्या बाईनं सोता सांगितलं म्हून. भावजयीनं माझ्या मांडीवरनं पोरगं उचललं. आता ताट येगळं, तांब्या येगळा. बायनाबाईनं म्हटलं असतं तर मी भांडले असते. तुमी म्हणल्यावर कुणाशी भांडू?"

मंजुळाबाईला गोठ्यातलं आपलं ताट आठवलं. त्याचा काठ एका बाजूनं चेपला होता. तिनं सुनिताचा हात धरायला हात पुढं केला.

"नका," सुनिता म्हणाली. "अन् माझ्यापुढं चुकलं म्हणू नका. मला ऐकून काय करायचंय? जिथं बोललात तिथं जाऊन म्हणा."

मंजुळाबाई बाहेर पडली. रतनबाईचं घर तिथून लांब नव्हतं. कोपऱ्यापर्यंत गेली, हनुमानची मोटरसायकल दारात दिसली, आणि ती वळून थेट स्टँडवर आली. बीडची गाडी लागलेली होती. बसली. गाडी हलली तेव्हा तिला आपलंच तोंड काचेत दिसलं आणि तिनं पदर पुढं घेतला.

त्रिंबकभाऊंना तिनं दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं, किंबहुना रागवावं असंच वाटत होतं. ते चष्मा पुसत राहिले.

"माझ्या सासुरवाडीत," शेवटी ते म्हणाले, "मी अजून शुगरचा पेशंट हाय. पंधरा वर्षं झाली. तिथं गोड खात न्हाई मी." ते हसले नाहीत. तीही हसली नाही. तिला त्यानं बरं वाटलं नाही.

मग तिनं स्वप्नालीला फोन केला. "मी तुझ्या सासूला सांगणार हाय."

स्वप्नाली बोलली ती रडतच. "आई, मी दुसरीत असल्यापासून तुझं लपवतेय. मैत्रिणी घरी आल्या की तुझ्या गोळ्या उतरंडीत लपवायचे. मला कुणी विचारलं का, तुला जमतंय का म्हून? आता कुठं माझं घर झालंय. ते मोडायला येतीस?"

"तुझं खरं हाय."

"मग नको येऊ."

"पण त्या पोरीनं गोळ्या सोडल्यात."

"ती कोण तुझी? मी कोण हाय?"

लेकीनं मागितलं होतं ते काही अवाजवी नव्हतं. मीच नाही का पोरीला लपवायला शिकवलं, असं तिच्या मनात आलं आणि तिला लेकीपुढंही तोंड वर करवेना. तरी रविवारी ती कड्याला गेली.

रतनबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. बायनाबाई शेजारी बसली होती. "अगं बया, इहीणबाई! फोन न्हाई, काही न्हाई!" रतनबाईनं सूप खाली ठेवलं. आवाज ऐकून स्वप्नाली दारात आली आणि आईला बघून तिथंच चौकट धरून उभी राहिली.

मंजुळाबाई बसली नाही. बसली तर चहा येईल, चहा आला की बोलणं राहील, हे तिला माहीत होतं.

"त्या दिवशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "हातचं खाल्ल्यानं तो आजार होत न्हाई. मला माहीत होतं. त्या सुनिताला मी वळखते. तिला धीर देणारी मीच. अन् मलाबी तोच आजार हाय रतनबाई. स्वप्नालीचा बाप त्यानंच गेला, काविळीनं न्हाई."

बायनाबाईचा हात तोंडावर गेला. रतनबाई आधी स्वप्नालीकडं बघू लागली, तिच्या पोटाकडं.

"तिला न्हाई. लहानपणी तपासलं, लगनाआधी तपासलं, आत्ता दवाखान्यातबी तपासलं असंल. तिला काही न्हाई."

"हनुमानला ठावं होतं?"

मंजुळाबाईनं होय म्हणून मान हलवली.

"म्हंजी माझ्या घरात मला सोडून समद्यास्नी ठावं." रतनबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तिनं सुपातली ज्वारी मुठीत घेतली, परत सोडली. मग म्हणाली, "मी तुमाला इचारलं होतं. माझ्या मनात त्या पोरीला उठवायचं नव्हतं, म्हून इचारलं. तुमी न्हाई होत म्हणला असता तर मी बायनाबाईला गप केलं असतं. अन्नावरनं माणूस उठवलं मी. त्या पुऱ्या म्हशीला घातल्या अन् तुमी बघत हुबा होतात. माझ्या हातनं पाप करवलं तुमी."

"हो."

"नुसतं हो?"

"दुसरं काय म्हणू?"

स्वप्नाली आत निघून गेली. तिनं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"माझ्यासंगं सुनिताकडं येता का?" मंजुळाबाईनं विचारलं. "तिच्या भावजयीला सांगायला."

"मी न्हाई यायची आज. माझं डोकं ठिकाणावर न्हाई." रतनबाईनं सूप परत हातात घेतलं, पण पाखडलं नाही. "अन् बाळंतपणाला पोर दिंद्रुडला पाठवायची न्हाई मी. ते इथंच हुईल. राग धरा न्हायतर काही करा."

मंजुळाबाई एकटीच गेली. सुनिता घरी नव्हती, निदान कडूबाईनं तसं सांगितलं. भावजयीला दारातच उभं राहून तिनं सगळं सांगितलं, स्वतःचा आजारही सांगितला. भावजय पोराला कडेवर घट्ट धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तवा तसं म्हणलात, आता असं म्हणता. आमी कोणतं धरायचं?" मंजुळाबाईनं त्रिंबकभाऊंचा आणि डॉक्टरांचा फोन नंबर तिला दिला. आपला शब्द आता इथं चालणार नाही, हे तिला त्या बाईच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

पुढच्या महिन्यात त्रिंबकभाऊंकडून कळलं की सुनितानं गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत, पण बीडला यायची नाही. तिनं आपली नोंद जवळच्या दवाखान्यात हलवून घेतली होती. भावजयीनं खरंच डॉक्टरांना फोन केला होता म्हणे. पोरगं परत सुनिताच्या हातनं जेवतं की नाही, ते त्रिंबकभाऊंना माहीत नव्हतं. मंजुळाबाईचा फोन सुनिता उचलत नव्हती. नंतर नंतर मंजुळाबाईनंही लावणं सोडलं.

स्वप्नालीला मुलगी झाली. कळवलं हनुमाननं. मंजुळाबाई गेली तेव्हा रतनबाईनं तिला आत घेतलं, चहा दिला, सगळ्यांना दिला तसल्याच कपात. मग जरा वेळानं, दुसरीकडं बघत म्हणाली, "मी गेलते त्या सुनिताच्या घरी. बारशाच्या स्वैपाकाला ये म्हणलं. येळ न्हाई म्हणली." आणि पुढं, "माझी चप्पल तिच्या दारात तुटली. अनवाणी आले."

मंजुळाबाईनं खाटेवरच्या नातीकडं बघितलं. उचलायला वाकली, तसं स्वप्नाली पटकन म्हणाली, "आई, हात धू आधी."

हे सगळ्यांनाच सांगतात. बाळाला घ्यायचं तर हात धुवायचे, मंजुळाबाईनं स्वतः शेकडो बायांना सांगितलं होतं. तरी ती हौदावर गेली तेव्हा तिला वर बघवेना. साबण लावून, कोपरापर्यंत, चांगले घासून तिनं हात धुतले. परत आली तर स्वप्नालीनं पोर तिच्या ओंजळीत दिलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

डिसेंबरमधल्या एड्स दिनाच्या कार्यक्रमात मंजुळाबाई व्यासपीठावर गेली नाही. बरं नाही, असं सांगितलं. नंतर एकदा पाटोद्याकडची एक नवी मुलगी संस्थेत आली. नवऱ्याकडून आजार आलेला, सासू-सासऱ्यांना काही माहीत नाही. "घरी सांगू का मावशी?" तिनं विचारलं. एरवी मंजुळाबाईनं लगेच सांग म्हटलं असतं.

"ते तू ठरव," ती म्हणाली. "घाई करू नको. अन् माझं ऐकून तर मुळीच करू नको." आणि मग तिनं त्या मुलीला कड्यातली सगळी गोष्ट सांगितली, बासुंदीसकट.

मुलगी खाली मान घालून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिनं गोळ्या पिशवीत तळाशी ठेवल्या आणि बंद बांधला. मग उठून तिनं विचारलं, पाटोद्याची गाडी कितीला आहे.